सर्व्हरवरचा शॉर्टकट उघडताना रोज सिक्युरिटी वॉर्निंग? आधी नावातलं टिंब शोधा

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता फोनवर कोणी "ते रन की कॅन्सल विचारतंय" एवढं म्हटलं तरी पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. सेटअप बहुतेक ठिकाणी सारखाच. एक सर्व्हर, त्यावर एक शेअर्ड फोल्डर, त्यात अकाउंटचं नाहीतर स्टॉकचं एखादं जुनं पण सगळ्यांना लागणारं सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट. डबल क्लिक केलं की प्रोग्राम उघडायच्या ऐवजी विंडोज विचारतं, ही फाइल खरंच चालवायची का. रन म्हटलं की चालतो, दुसऱ्या दिवशी परत तेच.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं ते ठरवा.

सगळ्यात कॉमन म्हणजे 'ओपन फाइल - सिक्युरिटी वॉर्निंग' नावाची छोटी खिडकी, त्यात पब्लिशर व्हेरिफाय करता आला नाही असं काहीतरी लिहिलेलं, खाली रन आणि कॅन्सल. कधी त्यातच लिहिलेलं असतं की ही फाइल तुमच्या लोकल नेटवर्कच्या बाहेरच्या जागेवर आहे, आणि सर्व्हर तर शेजारच्या कपाटात गुरगुरत असतो! काही ठिकाणी एकाच प्रोग्रामला विचारतं, काही ठिकाणी डेस्कटॉपवरच्या झाडून सगळ्या शॉर्टकटना, अगदी स्वतःच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामच्या शॉर्टकटलासुद्धा. कधी खिडकी दुसऱ्या विंडोच्या मागे लपते आणि तक्रार येते की "प्रोग्राम उघडतच नाही", माणूस पाच वेळा क्लिक करतो, सगळं मिनिमाइझ केलं की मागे पाच खिडक्या ओळीने उभ्या. आणि एक नवीन लक्षण, ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज अपडेटनंतर काही जणांच्या एक्सप्लोररमध्ये सर्व्हरवरच्या फाइलींचा प्रिव्ह्यू दिसायचा बंद झाला, त्याजागी 'ही फाइल घातक असू शकते' अशा अर्थाचा मेसेज. ऐकायला वेगळं वाटतं पण मूळ बऱ्याचदा हेच असतं.

आता दिसायला तसेच पण जातीने वेगळे प्रॉम्प्ट, यांना इथले उपाय लागू पडत नाहीत, म्हणून आधीच वेगळे काढा. स्क्रीन काळवंडून 'या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का' विचारत असेल तर ते यूएसी, म्हणजे मोठा बदल करण्याआधी परवानगी मागणारी विंडोजची सोय. 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' असा मोठा निळा चौकोन आला तर ते स्मार्टस्क्रीन, म्हणजे अनोळखी डाउनलोड अडवणारी तपासणी. यूजरनेम पासवर्ड मागत असेल तर तो लॉगिनचा मामला. आणि 'सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ब्लॉक केलंय' असं असेल तर कोणीतरी मुद्दाम लावलेला नियम आहे, तिथे हात घालायचा नाही, ज्याने लावला त्याला विचारायचं.

विंडोज हे का विचारतं ते दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला तेव्हापासून विंडोज प्रत्येक चालवायच्या फाइलला मनात एक प्रश्न विचारतं, ही आली कुठून. उत्तरं पाच, आणि त्यांना झोन म्हणतात. शून्य म्हणजे स्वतःचा कॉम्प्युटर, एक म्हणजे लोकल इंट्रानेट, दोन ट्रस्टेड साइट्स, तीन इंटरनेट, चार म्हणजे रिस्ट्रिक्टेड. फाइल तीन नंबरात बसली की वॉर्निंग आलीच. म्हणजे आपल्याला वॉर्निंग बंद करायची नाहीये, तुमचा सर्व्हर चुकून तीन नंबरात का जाऊन बसलाय ते शोधायचंय. हा फरक मी स्वतः उशिरा शिकलो, ती गोष्ट पुढे सांगतो.

पहिलं काम, खिडकी वाचा

फुकट आहे, दहा सेकंद लागतात, आणि कोणीच करत नाही. एका ऑफिसात अकाउंट बघणाऱ्या ताई होत्या, म्हणाल्या, "अहो हे रोज विचारतं, मी रोज हो म्हणते." मी म्हटलं, "काय विचारतं?" तर म्हणे, "ते नाही वाचलं कधी." मग आम्ही दोघांनी वाचलं. चार ओळी होत्या, नेम, पब्लिशर, टाइप आणि फ्रॉम. फ्रॉमच्या ओळीत \\१९२.१६८.१.१० अशी सुरुवात. तिथेच निदान झालं, पुढचं फक्त हातकाम होतं.

तर फ्रॉममध्ये काय आहे ते बघा. मशीनचा नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, किंवा सर्व्हरचं टिंबांसकट लांब नाव, किंवा फक्त छोटं नाव, किंवा चक्क सी ड्राइव्हचा रस्ता. टाइपमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन' आहे की 'शॉर्टकट' तेही बघा, कारण शॉर्टकट म्हणजे स्वतःसुद्धा एक फाइलच असते आणि कधी विंडोजचा आक्षेप प्रोग्रामवर नसून शॉर्टकटवर असतो. आणि 'ही फाइल उघडण्याआधी नेहमी विचारा' असा टिकमार्कचा चौकोन आहे का ते बघा. चौकोन असेल तर बहुतेक फाइललाच शिक्का बसलाय, नसेल तर भानगड जागेची. हे तिन्ही कागदावर लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा.

मग विचारा, कोणाकोणाला येतंय

हेही फुकटच. एकाच कॉम्प्युटरवर येत असेल तर त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बघायचं. सगळ्यांना येत असेल तर सर्व्हरवरची फाइल, किंवा शॉर्टकट ज्या पद्धतीने वाटले ती पद्धत. एका यूजरला येतं पण त्याच मशीनवर दुसऱ्याने लॉगिन केलं तर येत नाही, असं असेल तर त्या यूजरच्या प्रोफाइलमध्ये काहीतरी. हे न विचारता मी एकदा अख्खी दुपार एका बिचाऱ्या मशीनवर घालवलीय आणि शेवटी कळलं की बाकीच्या अकरा जणांनाही येतंय, त्यांनी फक्त तक्रार केली नव्हती. सवय झालेली त्यांना.

टिंबाची परीक्षा

आता खरा गुन्हेगार. विंडोजचा झोन ठरवायचा नियम इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातला आहे आणि फार भाबडा आहे. नावात टिंब नसेल तर मशीन घरातलं, टिंब असेल तर बाहेरचं. बस एवढंच. \\सर्व्हर\अ‍ॅप्स असं लिहिलं तर इंट्रानेट, आणि तोच सर्व्हर, तीच फाइल, पण \\१९२.१६८.१.१०\अ‍ॅप्स असं लिहिलं तर इंटरनेट, कारण आयपी अ‍ॅड्रेसमध्ये तीन टिंबं आहेत. डोमेनसकट (डोमेन म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यातल्या ऑफिसच्या सगळ्या मशीनचा गट) लिहिलेलं लांब नाव, \\सर्व्हर.ऑफिस.लोकल सारखं, तेही टिंबामुळे बाहेरचं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कचे असतात हे जगाला माहितीये पण हा नियम तिथपर्यंत विचारच करत नाही.

परीक्षा अशी, विंडोजचं बटण आणि आर दाबून रन उघडा, त्यात प्रोग्रामचा पूर्ण रस्ता टाइप करा पण आयपीच्या जागी सर्व्हरचं छोटं नाव. वॉर्निंग न येता उघडला? मग शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटमधला आयपी काढून छोटं नाव टाका, खाली 'स्टार्ट इन' म्हणून खाना असतो त्यातही बदला, तो लोक विसरतात आणि मग प्रोग्राम उघडतो पण डेटा सापडत नाही म्हणून ओरडतो.

टार्गेटमध्ये झेड ड्राइव्ह वगैरे दिसत असेल तर गाफील राहू नका. ड्राइव्हचं अक्षर म्हणजे नुसता बुरखा, आत रस्ता तोच असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट यूज' टाइप करा, कुठलं अक्षर कुठे जोडलंय त्याची यादी येते. तिथे आयपी दिसला तर ड्राइव्ह डिस्कनेक्ट करून छोट्या नावाने परत जोडा. लॉगिन स्क्रिप्टमधून जोडला जात असेल तर बदल स्क्रिप्टमध्ये करा नाहीतर उद्या सकाळी परत जैसे थे. आणि जोडताना यूजरची चालू कामं सेव्ह करून बंद करायला सांगा, अर्धवट उघड्या डेटा फाइलच्या खालून ड्राइव्ह ओढून घेतला तर वॉर्निंग बरी होती असं म्हणायची वेळ येते.

नावाने जोडण्याचा आणखी एक फायदा आहे. डोमेनच्या नेटवर्कमध्ये आयपीने गेलात तर विंडोज साधारणपणे जुन्या एनटीएलएम पद्धतीने ओळख पटवतं, नावाने गेलात तर कर्बेरॉस वापरू शकतं जे जास्त सुरक्षित आहे. उद्या सर्व्हरचा आयपी बदलला तरी शॉर्टकट मरत नाहीत हे वेगळंच.

अडचण एकच. छोटं नाव सगळीकडून सापडेलच असं नाही, विशेषतः व्हीपीएनवरून, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून, काम करणाऱ्यांना. नावाने उघडतच नसेल तर आयपीवर परत जाऊ नका, आधी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय, नीट आहे का बघा, नाहीतर लांब नाव ठेवा आणि झोनचा उपाय करा, तो खाली आहे.

फाइलवरचा शिक्का

छोट्या नावानेही विचारतंय, किंवा खिडकीत तो टिकमार्कचा चौकोन आहे? मग फाइलला शिक्का बसलाय. इंटरनेटवरून डाउनलोड केलेल्या फाइलला ब्राउजर एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो, झोन आयडेंटिफायर नावाची. ती फाइलच्या पोटात नसते, एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) फाइलला समांतर एक प्रवाह ठेवायची सोय आहे तिथे असते, म्हणून फाइलची साइज बदललेली दिसत नाही. कोणीतरी सॉफ्टवेअरचं अपडेट डाउनलोड केलं, तसंच सर्व्हरवर कॉपी केलं, चिठ्ठी बरोबर गेली, आणि त्या दिवसापासून अख्ख्या ऑफिसला वॉर्निंग सुरू. "अपडेट टाकल्यापासून येतंय" असं कोणी म्हणालं तर मी थेट इथेच येतो.

याच्यामुळे एक मजेशीर प्रकार होतो. पेनड्राइव्हवरून आणलेल्या कॉपीला वॉर्निंग नाही आणि थेट डाउनलोड केलेल्याला आहे, लोकांना वाटतं पेनड्राइव्हवालं ओरिजिनल आणि दुसऱ्यात व्हायरस. तसं काही नाही, पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ नाहीतर एक्सफॅट पद्धतीचा असतो, त्यात ही चिठ्ठी राहूच शकत नाही, वाटेत गळून पडते. पेनड्राइव्हने फाइल शुद्ध झाली असं समजू नका.

काढायची कशी, तर सर्व्हरवरच्या त्या मूळ प्रोग्राम फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक' असा चौकोन असतो, टिक करा, ओके. हे त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असलेल्या अकाउंटनेच करायचं. साध्या यूजरला बहुतेक फक्त वाचायची परवानगी असते, म्हणून तो रोज 'नेहमी विचारा' वरची टिक काढतो आणि ती काही टिकत नाही, कारण चिठ्ठी पुसायला फाइलवर लिहावं लागतं. त्या ताई म्हणाल्या होत्या, "मी टिक काढली तरी परत येते, माझं कॉम्प्युटर ऐकत नाही." कॉम्प्युटर ऐकत होतं हो, सर्व्हर ऐकत नव्हता.

झिपमधून आलेलं सॉफ्टवेअर असेल तर अनब्लॉक आधी झिपला करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा, कारण विंडोजचं स्वतःचं एक्स्ट्रॅक्ट झिपवरचा शिक्का आतल्या फाइलींनाही लावतं. आधीच एक्स्ट्रॅक्ट झालंय आणि शंभर फाइली आहेत तर पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या दुसऱ्या खिडकीत, 'अनब्लॉक-फाइल' नावाची कमांड आहे, पूर्ण फोल्डरवर चालवता येते. पण थांबा, चालवण्याआधी चिठ्ठी वाचा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' ला 'स्लॅश आर' लावलं की कुठल्या फाइलला चिठ्ठी आहे ते दिसतं, आणि फाइलच्या नावापुढे कोलन आणि चिठ्ठीचं नाव देऊन नोटपॅडने ती उघडताही येते. आत झोनचा आकडा असतो, आणि नवीन विंडोजवर बऱ्याचदा ती फाइल कुठल्या वेबसाइटवरून आली तो पत्ताही असतो. तो पत्ता सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचाच आहे ना एवढं बघून मग पुसा. भलत्याच डाउनलोड साइटचा असेल तर पुसू नका, फाइल काढून टाका आणि मूळ ठिकाणाहून नवी आणा.

झोनमध्ये सर्व्हरचं नाव घालणं

छोटं नाव वापरणं शक्य नाही, किंवा वापरूनही येतंय आणि चिठ्ठीही नाही, तेव्हा हे. डोमेनला न जोडलेल्या मशीनवर हे जास्त होतं कारण तिथे विंडोज इंट्रानेट आहे असं धरूनच चालत नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये 'इंटरनेट ऑप्शन्स' उघडा. हो, तेच जुनं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला पण त्याचे झोन विंडोज अजून वापरतंय, घरमालक गेला तरी नळाचा कॉक त्याच्याच खोलीत राहिला तसं. सिक्युरिटी टॅब, लोकल इंट्रानेट, साइट्स, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे 'एचटीटीपीएस हवंच' अशा अर्थाची टिक असेल तर काढा नाहीतर नाव घेत नाही. मग 'फाइल', कोलन, दोन स्लॅश आणि सर्व्हरचं नाव, अगदी तसंच जसं फ्रॉमच्या ओळीत आहे. शॉर्टकटमध्ये लांब नाव आहे आणि इथे छोटं घातलं तर उपयोग शून्य, विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत. आयपीच वापरणं भाग असेल तर आयपीही घालता येतो. ओके करून एकदा लॉगऑफ लॉगिन करा, मग तपासा.

इथे एक गोष्ट जपायची. नेमकं एका सर्व्हरचं नाव घाला, स्टार लावून अख्खं डोमेन घालायचा मोह आवरा. लोकल इंट्रानेट हा नुसता 'वॉर्निंग नको' चा झोन नाही, या झोनमधल्या जागेने लॉगिन मागितलं तर विंडोज डीफॉल्टने तुमची ओळख न विचारता आपोआप पुढे करतं. म्हणजे इथे चुकून बाहेरचं काही घुसलं तर त्याला तुम्ही वॉर्निंगमधूनही सूट दिली आणि वर लॉगिनची किल्लीही.

सर्व्हरवरच बसून काम करत असाल तर

रिमोट डेस्कटॉपने सगळे एकाच विंडोज सर्व्हरवर लॉगिन करतात अशा ठिकाणी वरचं सगळं करूनही वॉर्निंग जात नाही, तेव्हा एन्हान्स्ड सिक्युरिटी कॉन्फिगरेशन बघा. विंडोज सर्व्हरमध्ये हे चालू असूनच येतं, आणि चालू असताना झोनचे नियम कडक होतात, छोट्या नावाचे शेअर्ड फोल्डरसुद्धा बाहेरचे धरले जातात. सर्व्हर मॅनेजरमध्ये लोकल सर्व्हरच्या पानावर उजवीकडे त्याचं सेटिंग आहे, अ‍ॅडमिन आणि यूजर यांना वेगवेगळं चालू बंद करता येतं. माझं मत असं की अ‍ॅडमिनसाठी ते चालूच राहू द्या, सर्व्हरवर बसून ब्राउजिंग करायचं कारणच काय. यूजरसाठी बंद करायचं की चालू ठेवून शेअरचं नाव इंट्रानेटमध्ये घालायचं हे सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरवायचं. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे चालू असताना साइटची यादी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचं कोठार) वेगळ्या जागी वाचली जाते, त्यामुळे बंद असताना घातलेली नावं चालू केल्यावर लागू पडत नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो.

सगळ्याच शॉर्टकटना येतंय

नोटपॅडच्या शॉर्टकटलासुद्धा विचारतंय असं असेल तर प्रोग्रामकडे बघूच नका. डेस्कटॉप किंवा स्टार्ट मेनूच सर्व्हरवर हलवलेला असणार, ज्याला फोल्डर रीडायरेक्शन म्हणतात, आणि तो टिंबवाल्या रस्त्याने. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबवर 'लोकेशन' बघा, ते सी ड्राइव्हऐवजी \\ ने सुरू होत असेल तर तेच. डीएफएस, म्हणजे अनेक सर्व्हरवरचे शेअर्ड फोल्डर एकाच नावाखाली दाखवायची सोय, वापरणाऱ्यांकडे हे हमखास होतं कारण तिथे रस्ता डोमेनच्या नावाने सुरू होतो आणि डोमेनच्या नावात टिंब असतंच.

उपाय ग्रुप पॉलिसीतला, म्हणजे सगळ्या मशीनना एका जागेवरून सेटिंग लावायच्या सोयीतला, 'साइट टू झोन असाइनमेंट लिस्ट'. त्यात फाइल कोलन स्लॅश स्लॅश लावून नाव आणि समोर १ हा आकडा, म्हणजे इंट्रानेट. यात फसायची जागा अशी की ही पॉलिसी लावली की यूजरला स्वतःच्या यादीत काही घालता काढता येत नाही, सगळं करडं होऊन जातं. त्यामुळे लावण्याआधी लोकांनी हाताने काय काय घातलंय ते गोळा करा आणि तेही पॉलिसीत टाका, नाहीतर एक वॉर्निंग घालवून तीन नवीन तक्रारी. आधी एका टेस्ट यूजरवर लावा, मग बाकीच्यांवर. पॉलिसी पोचली का ते 'जीपी रिझल्ट' या कमांडने बघता येतं. आणि डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, याआधी कधी हात लावला नसेल तर इथपासून पुढचं काम ज्याचं आहे त्यालाच करू द्या, एका चुकीच्या क्लिकचा प्रसाद सगळ्या ऑफिसला मिळतो.

जे उपाय मी आता करत नाही

शोधलं की लगेच सापडणारे काही झटपट उपाय आहेत. एक म्हणजे अटॅचमेंट मॅनेजरच्या (ही वॉर्निंग दाखवणारा विंडोजचा भाग) पॉलिसीत 'कमी धोक्याच्या फाइली' अशी यादी असते त्यात ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या फाइली, घालणं. दुसरा, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून झोनची तपासणीच बंद करणं. तिसरा, इंटरनेट झोनच्या कस्टम लेव्हलमध्ये 'अनसेफ फाइल चालवणं' ला सरसकट एनेबल. तिन्ही चालतात. म्हणूनच वाईट.

पहिला मी स्वतः एका ऑफिसात केला होता, अभिमानाने, दहा मिनिटांत सगळ्यांची वॉर्निंग गायब, लोक खूश. काही महिन्यांनी तिथल्या एकाने मेलमधून आलेल्या लिंकवरून 'इन्व्हॉइस' डाउनलोड केलं, होतं ते ईएक्सई, आणि डबल क्लिक केल्यावर विंडोजने एका शब्दाने विचारलं नाही. अँटिव्हायरसने पकडलं म्हणून निभावलं. मी लॉग बघत बसलो होतो आणि डोक्यात एकच, ही वॉर्निंग मीच बंद केली होती. ईएक्सई कमी धोक्याची म्हटलं की फक्त सर्व्हरवरची नाही, जगातली प्रत्येक ईएक्सई त्या यूजरसाठी कमी धोक्याची होते. तुमच्या आधी कोणी हे करून ठेवलं असेल तर काढा आणि टिंबाचा उपाय करा.

यूएसी बंद करणं तर नकोच नको. त्याचा प्रॉम्प्ट येत असेल तर शॉर्टकटच्या चित्रावर ढाल दिसते का बघा, कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' वर कोणी टिक करून ठेवलीय का बघा. जुन्या ३२ बिट प्रोग्रामच्या नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट असा शब्द असला तरी विंडोज त्याला इन्स्टॉलर समजून परवानगी मागतं, हे नुसतं नावामुळे. आणि प्रोग्रामला खरंच अ‍ॅडमिन लागत असेल तर बनवणाऱ्याशी बोला, तुम्ही तिथे काही करू शकत नाही.

कुठे थांबायचं

खालचं काही दिसलं तर अनब्लॉक, झोन, काही करू नका, रन तर अजिबात नको, सर्व्हर बघणाऱ्या माणसाला लगेच बोलवा.

काल परवापर्यंत वॉर्निंग नव्हती, कोणी अपडेट टाकलं नाही, शॉर्टकट बदलला नाही, आणि आज अचानक सगळ्यांना येतेय. प्रोग्राम फाइलची तारीख किंवा साइज बदललीय आणि का ते कोणालाच माहीत नाही. आधी पब्लिशरच्या ओळीत कंपनीचं नाव यायचं आणि आता अननोन पब्लिशर येतंय, म्हणजे सही असलेली फाइल जाऊन बिनसहीची आलीय. फ्रॉममध्ये ओळखीचा नसलेला सर्व्हर आहे. आणि सगळ्यात वाईट, शेअर्ड फोल्डरमधले फोल्डर गायब होऊन त्यांच्या नावाचे शॉर्टकट दिसायला लागलेत. मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट ठेवणं ही व्हायरसची जुनी चाल आहे, त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागे ते स्वतःही चालतं. २०१० मध्ये स्टक्सनेटने तर शॉर्टकटच्या फाइलीतल्याच एका त्रुटीचा फायदा घेतला होता, नुसता फोल्डर उघडून शॉर्टकटचं चित्र दिसलं तरी पुरे होतं. ती त्रुटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅच झाली, पण शॉर्टकट म्हणजे निरुपद्रवी बाण ही समजूत तेव्हापासून मी सोडलीय.

अशा वेळी त्या कॉम्प्युटरची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका, तपासणाऱ्याला मेमरीत काय चाललंय ते लागू शकतं. बाकीच्यांना तो शॉर्टकट वापरू नका म्हणून सांगा.

संशयास्पद काही नाही पण वरचं सगळं करूनही वॉर्निंग येतेच आहे, किंवा सेटिंग करडी आहेत आणि बदलता येत नाहीत, तरीही थांबा. तिथे वरून कुठलीतरी पॉलिसी लागलेली आहे आणि तुम्ही कॉम्प्युटरवर कितीही घासलंत तरी काही वेळाने ती परत बसणार. अ‍ॅडमिनला फोन करताना "वॉर्निंग येतेय" एवढंच सांगू नका. खिडकीचा फोटो, फ्रॉमची ओळ अक्षर न अक्षर, शॉर्टकटचं टार्गेट, किती जणांना येतंय, कधीपासून, आणि तुम्ही स्वतः काय काय बदललंत तेही, लाज न वाटता. शेवटचं सांगितलं नाही तर तुम्हीच घातलेलं नाव शोधण्यात त्याचा अर्धा तास जातो, माझा गेलाय.